सहा टिंबांचं सॉफ्टवेअर, खानदेशातून

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टचा विषय शोधत माझ्याकडे येतात. "दादा, मराठी मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, की ब्रेल बाहेर!" असा एकूण बेत असतो. ते बटण एका रात्रीत होतं, खोटं नाही सांगत. खरी मेहनत बटणाच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. अलीकडे खराब टाइप केलेला मजकूर, पलीकडे धडधडणारं यंत्र आणि कागदावर फिरणारं एक बोट. जळगावात बसून हे काम करताना जिथं जिथं ठेच लागली, ती ठिकाणं क्रमानं सांगतो.

आधी वाचणारा शोधा

कॉम्प्युटर नंतर. रोज ब्रेल वाचणारा एक माणूस गाठा. अंध शाळेतले शिक्षक, कॉलेजातला एखादा विद्यार्थी, बँकेत नोकरी करणाऱ्या एखाद्या ताई, कुणीही चालेल. आमच्याकडे एक निवृत्त अंध शिक्षक आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. माझ्या पहिल्या छापील पानावर त्यांनी बोट फिरवलं, तिसऱ्या ओळीवर थांबले आणि विचारलं, "भाऊ, हे तुम्ही कशानं तपासलं? डोळ्यानं ना?" हो म्हणालो. "मग डोळ्यानंच वाचा," म्हणाले आणि चहा मागवला. त्या पानावर नेमकं काय चुकलं होतं ते पुढं येईलच.

तोवर स्वतः थोडं ब्रेल शिका. पाटी आणि टोचणी घ्या, आठवडाभर रोज अर्धा तास बसा. पाटीवर कागदाच्या मागून टोचत उजवीकडून डावीकडे लिहायचं असतं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. सुरुवातीला डोकं फिरतं. पण तेवढं केलं की टिंबांचे आकडे पाठ होतात आणि पुढं कोडमधली चूक पटकन दिसते.

सहा टिंबं, चौसष्ट घरं

ब्रेलच्या एका घरात, म्हणजे एका अक्षराच्या जागेत, दोन उभ्या रांगा. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. प्रत्येक टिंब उठलेलं किंवा बसलेलं, म्हणजे रिकामं घर धरून ६४ आकार. लुई ब्रेलनं आपली पद्धत १८२९ साली छापून प्रसिद्ध केली. आपल्या भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरलं. त्यात क म्हणजे १-३, मग ते मराठीत लिहा, गुजरातीत की बंगालीत. पर्किन्सचं ब्रेल टाइपरायटरही १९५१ सालीच बाजारात आलं, हा निव्वळ योगायोग.

युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ब्रेलचे आकार हेक्साडेसिमल (सोळावर चालणाऱ्या आकडेमोडीतल्या) २८०० पासून सुरू होतात. हिशेब सोपा आहे. टिंब १ ला १, २ ला २, ३ ला ४, ४ ला ८, ५ ला १६, ६ ला ३२. क ची टिंबं १ आणि ३, म्हणून १ अधिक ४ बरोबर ५, आणि आकार २८०५. हे एकदा कळलं की स्क्रीनवर ब्रेल दाखवायला वेगळा फॉन्ट लागत नाही.

आता आपली गावं लिहून पाहा. धुळे: ध २-३-४-६, उ १-३-६, ळ ४-५-६, ए १-५. चार घरं. उकाराचं चिन्ह आणि स्वतंत्र उ यांना घर एकच आहे, हे ध्यानात घ्या, कारण पुढची एक मोठी अडचण त्यातूनच येते. शिरपूरमधली वेलांटी छापील अक्षरात श च्या आधी दिसते, ब्रेलमध्ये श च्या नंतर येते. युनिकोडमध्येही ती नंतरच साठवलेली असते, तेव्हा तिथं आपल्याला फुकटचा फायदा.

मजकूर धुऊन घ्या

कुणी फाइल पाठवली की आधी बघा ती युनिकोडमध्ये आहे का. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानात, पतपेढीत, छापखान्यात अजून श्रीलिपी आणि कृतिदेव हे जुने फॉन्ट चालतात. त्या फाइलीत डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं भरलेली असतात. तशीच पुढं ढकलली तर ब्रेलमध्ये रद्दी उमटते. आधी फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून युनिकोड करा, मग एकदा डोळ्याखालून घाला. रफार आणि वेलांट्या हमखास इकडच्या तिकडे झालेल्या असतात. पीडीएफमधून उचललेल्या मजकुराचीही हीच गत. शक्य असेल तर मूळ फाइल मागा.

युनिकोड मजकुरातही भुतं असतात. 'ॲ' हे एक अक्षर म्हणून टाइप होतं, आणि अ वर चंद्र देऊन दोन अक्षरांतही. दिसायला सारखंच. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) या दोघांना एक करत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. दुसरं भूत ऱ्ह, ऱ्य मधल्या अर्ध्या र चं. सातपुड्याच्या 'दऱ्या' कुणी ऱ आणि हलन्त (अक्षर अर्धं करणारी खूण) वापरून टाइप करतो, कुणी साधा र, हलन्त आणि त्यापुढं झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर टाकून. प्रोग्रामला ते न दिसणारं अक्षर ओळखू आलं नाही तर शब्दाच्या मध्येच काहीतरी अगम्य छापतो. अहिराणीत तर हे पावलापावलावर. 'करी ऱ्हायनू' हे ज्या बोलीत श्वासासारखं येतं, तिथं ही एक चूक प्रत्येक पानावर दहा वेळा दिसेल.

अहिराणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तिच्यासाठी वेगळं टेबल, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणती टिंबं याची वेगळी यादी, लागत नाही. मराठीत आपण वापरतो ते पहिल्या श्रेणीचं ब्रेल अक्षरांवर चालतं, शब्दांच्या संक्षेपांवर नाही. त्यामुळे देवनागरीत लिहिलेली अहिराणी, लेवा गणबोली, नंदुरबारकडची पावरी, सगळ्यांना तोच रस्ता. फक्त तपासणीच्या यादीत 'मन्ह', 'तुन्ह', 'पोरेस्नी' असे शब्द जरूर घाला, म्हणजे जोडाक्षरांची परीक्षा आपोआप होते.

भाषांतराचं इंजिन

स्वतःचं इंजिन शिकण्यापुरतं लिहा, लोकांना देण्यासाठी लिबलुई वापरा. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, सी मध्ये लिहिलेलं, आणि पायथनमधून हाक मारता येते. एनव्हीडीए, ऑर्का असे स्क्रीनरीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम, ब्रेलसाठी त्यालाच विचारतात. मराठीचं टेबल त्यात आहे. टेबल म्हणजे साधी मजकूर फाइल: या अक्षराला ही टिंबं, या जोडीला ती. चूक सापडली तर एक ओळ बदलायची, सोबत चाचणीचं उदाहरण जोडायचं आणि मूळ प्रकल्पाला पाठवायचं. असं केलं की तुमची दुरुस्ती जळगावपुरती राहत नाही.

तरीही शिकण्यापुरतं लिहाच, कारण चार खड्डे स्वतः पडल्याशिवाय कळत नाहीत.

पहिला खड्डा जोडाक्षराचा. युनिकोडमध्ये हलन्त अक्षराच्या नंतर येतो, ब्रेलमध्ये आधी. हलन्ताचं घर म्हणजे नुसतं टिंब ४. 'रस्ता' म्हणजे र, मग ४, मग स, त, आ. म्हणून व्यंजन वाचलं की लगेच छापायचं नाही, पुढं डोकावायचं. पुढं हलन्त असेल तर आधी ४ आणि मग व्यंजन. 'राष्ट्र'सारखी तीन मजली जोडाक्षरं वेगळी काढून वाचणाऱ्याला दाखवा.

दुसरा क्ष आणि ज्ञ चा. युनिकोडला क्ष म्हणजे क, हलन्त, ष. ब्रेलमध्ये त्याला स्वतःचं घर आहे, १-२-३-४-५. ज्ञ ला १-५-६. वरचा जोडाक्षराचा नियम आधी चालला तर 'शिक्षक' फुटतो. लांब जुळणीला आधी मान, आखूड जुळणीला नंतर. आणि 'लक्ष्य' विसरू नका: तिथं क्ष स्वतःच अर्धा आहे, म्हणून त्याच्या आधी ४ येतो.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. चिन्ह आणि स्वर यांना घर एकच, हे वर म्हटलं. मग 'मऊ' आणि 'मू' यांत फरक काय? म नंतर ऊ ठेवला की वाचणारा 'मू' वाचणार. म्हणून व्यंजनानंतर स्वतंत्र स्वर आला की मध्ये अ चं घर, म्हणजे टिंब १, ठेवायचं: म, अ, ऊ. 'भाऊ' आणि 'ताई'ला हे लागत नाही, कारण तिथं आधीच आ आहे. माझ्या पहिल्या पानावर तिसऱ्या ओळीत भाकरीचं वर्णन होतं. नाना 'मू भाकरी'पाशी थांबले होते.

चौथा खड्डा आकड्यांचा, आणि यात माणसाचं नुकसान होऊ शकतं. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी घरं नाहीत. आधी अंकचिन्ह ३-४-५-६, मग १ साठी टिंब १, २ साठी १-२, ३ साठी १-४, असं पुढं. पण टिंब १ म्हणजे अ, १-२ म्हणजे ब, १-४ म्हणजे च. आता सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या: १२ब. सरळ भाषांतर केलं तर अंकचिन्ह, १, २, आणि पुढं पुन्हा १-२. वाचणारा वाचतो १२२. शेजाऱ्याची जमीन! अ, ब, च, द, ए, ग, ह, इ, ज यांपैकी काहीही आकड्याला चिकटून आलं की मध्ये आडवी रेघ किंवा रिकामी जागा सोडा, आणि कोणती सोडायची ते तुमच्या वाचणाऱ्याशी ठरवा. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंक एकाच घरात उतरले पाहिजेत, हे आलंच.

जाता जाता एक गंमत. अंकचिन्हाचं घर आणि ण चं घर एकच आहे. मराठी शब्द ण ने सुरू होत नाही, त्यामुळे सहसा गोंधळ नाही. पण जळगावात काम कराल आणि जैन मंडळींकडून 'णमोकार' आला, तर ब्रेलवरून परत देवनागरी करणारा तुमचा प्रोग्राम आकडा शोधत बसेल. वाचणाऱ्याला मात्र अडचण येत नाही, कारण पुढचं म चं घर कुठल्याच अंकाचं नाही.

मजकुरात इंग्रजी शब्द आले की त्यांना वेगळं ओळखून इंग्रजीच्या टेबलाकडे पाठवा. टिंब ६ इंग्रजीत कॅपिटल अक्षराची खूण आहे आणि मराठीत विसर्ग. एकाच टेबलातून दोन्ही काढायला गेलात तर 'दुःख' कुठं आणि कॅपिटल कुठं, कळणार नाही.

पान मांडणं

इथं पोरं कंटाळतात, आणि वाचणारे इथंच वैतागतात.

ब्रेलचं एक घर साधारण ६ मिलिमीटर जागा घेतं, एक ओळ १० मिलिमीटर. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. समास सोडले तर ओळीत ३१ च्या आसपास घरं आणि पानावर २७ च्या आसपास ओळी. अमेरिकेकडून आलेल्या फाइलींत ४० घरं आणि २५ ओळी असतात, कारण त्यांचा कागद ११ बाय साडेअकरा इंचांचा. मी पहिल्यांदा ४० चीच मांडणी ए-फोरवर पाठवली. यंत्रानं प्रत्येक ओळीतली उरलेली नऊ घरं खालच्या ओळीत ढकलली. एक पूर्ण ओळ, एक शेपूट, एक पूर्ण ओळ, एक शेपूट. काही यंत्रं शेपूट कापूनच टाकतात, ते आणखी वाईट. म्हणून घरं आणि ओळी हे दोन आकडे प्रोग्राममध्ये गाडून ठेवू नका, वापरणाऱ्याला बदलू द्या.

शब्द मोडताना अक्षरं नाही, घरं मोजा. 'रस्ता' कागदावर दोन अक्षरं, ब्रेलमध्ये पाच घरं. म्हणजे आधी भाषांतर, मग ओळी पाडणं. शब्द मध्येच तोडू नका, मावत नसेल तर अख्खा खाली घ्या. परिच्छेद दोन घरं आत सुरू करा. ठळक, तिरपं, रंगीत हे सगळं गळून पडतं. मथळ्यासाठी वर एक ओळ मोकळी सोडली की पुरे. गच्च छापलेलं एक ए-फोर पान ब्रेलमध्ये साधारण तीन पानं होतं, हे फाइल देणाऱ्याला आधीच सांगा. नाहीतर "एवढा गठ्ठा कसा काय, भो?" हा प्रश्न ठरलेला.

तक्ता जसाच्या तसा उतरवू नका. एसटीचं वेळापत्रक घ्या: गाव, वेळ, मार्ग, फलाट असे चार रकाने ३१ घरांत बसत नाहीत. दाबून बसवले तर बोट रकाना चुकतं. त्याऐवजी सुरुवातीला रकान्यांचा क्रम एका ओळीत सांगा आणि मग एका गाडीला एक नोंद: धुळे, ६.३०, एरंडोल-पारोळा मार्गे, फलाट ३. पुढची गाडी नव्या ओळीवर. सातबारा, पीक विम्याचा अर्ज, मार्कशीट, सगळ्याला हीच युक्ती. चित्राच्या जागी दोन ओळींचं वर्णन माणसानं लिहावं. ते काम प्रोग्रामवर सोडू नका.

यंत्राशी बोलणं

ब्रेल छापणाऱ्या यंत्राला एम्बॉसर म्हणतात. आतले छोटे हातोडे कागदावर टिंबं उठवतात, शाई नसते. स्वीडनचं इंडेक्स, नॉर्वेचं ब्रेलो, अमेरिकेचं व्ह्यूप्लस ही नावं कानावर येतील. किंमत लाखांच्या घरात, तेव्हा शिकण्यासाठी विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. अंध शाळा, मोठ्या कॉलेजांची आणि विद्यापीठांची ग्रंथालयं इथं फोन करून विचारा. यंत्र बहुतेक वेळा कव्हराखाली झाकून ठेवलेलं असतं आणि चालवणारं कुणी आलं तर त्यांना आनंदच होतो. तोवर एनव्हीडीएमधला ब्रेल व्ह्यूअर लावून स्क्रीनवर टिंबं बघा.

यंत्राला पाठवायची फाइल म्हणजे बीआरएफ. तिच्यात चौसष्ट आकारांसाठी चौसष्ट साधी कीबोर्डची चिन्हं असतात. नोटपॅडमध्ये उघडली की 'धुळे' असं दिसतं: उद्गारचिन्ह, यू, अंडरस्कोर, ई. घाबरू नका, ते बरोबर आहे. ध च्या २-३-४-६ ला उद्गारचिन्ह आणि ळ च्या ४-५-६ ला अंडरस्कोर ठरलेलं आहे. पान संपलं की फॉर्म फीडचं चिन्ह घाला, म्हणजे यंत्र नवा कागद घेईल. रिकाम्या ओळी मोजून भरत बसू नका, एक ओळ चुकली की सगळी पानं सरकतात.

फाइल वर्डमधून नेहमीसारखी प्रिंट केलीत तर ड्रायव्हर तिचं चित्र करून पाठवतो आणि यंत्र बावचळतं. बाइट जसेच्या तसे, कच्चे पाठवा. लिनक्सवर कप्स नावाच्या छपाईच्या सॉफ्टवेअरच्या फिल्टरांमध्ये ब्रेलची सोय आहे. पाठवण्याआधी यंत्राच्या पॅनलवर दोन गोष्टी बघा: कागदाची रुंदी, आणि यंत्र आतल्या आत स्वतःचं भाषांतर तर करत नाही ना. तुम्ही भाषांतर केलेलं आणि यंत्रानं पुन्हा केलेलं, असं दुहेरी ब्रेल कुणालाच वाचता येत नाही.

दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर मागच्या बाजूची टिंबं पुढच्या टिंबांच्या मधल्या जागेत उठतात. सोय यंत्राची, पण पानांचा क्रम तुमचा. सुरुवात एका बाजूनंच करा.

कागद झेरॉक्सचा चालत नाही. तो ७०-८० जीएसएमचा, त्यावर टिंब फुटतं किंवा दोन वाचनांत सपाट होतं. १२० च्या पुढचा घ्या. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा कागद कडकडीत, आणि जुलैत तोच दमट होऊन टिंबं मऊ पडतात. रीम पिशवीतून लागेल तशी काढा. वीज गेली तर पान अर्ध्यावर अडकतं, म्हणून कोणत्या पानापासून पुन्हा छापायचं हे विचारणारी खिडकी प्रोग्राममध्ये ठेवा. ही सोय मी सगळ्यात शेवटी केली, पण वापर तिचाच सगळ्यात जास्त होतो.

तपासणी

दोन चाळण्या लावा. पहिली यंत्राची: ब्रेलवरून परत देवनागरी करा आणि मूळ मजकुराशी ताडून बघा, फरक दिसला की थांबा. सोबत पन्नासेक शब्दांची यादी कायमची ठेवा: मऊ, शिक्षक, लक्ष्य, राष्ट्र, दऱ्या, दुःख, ज्ञानेश्वर, ॲप, १२ब, करी ऱ्हायनू. टेबलात एक ओळ बदलली तरी अख्खी यादी पुन्हा चालवा.

दुसरी चाळणी बोटाची. वाचणाऱ्याला मूळ मजकूर सांगू नका, नुसतं पान द्या आणि मोठ्यानं वाचायला लावा. तुम्ही मूळ कागद घेऊन शेजारी बसा. जिथं आवाज अडखळतो तिथं पेन्सिलनं खूण करा. चूक नसतानाही अडखळला तर मांडणी बघा, बऱ्याचदा ओळ फार भरलेली असते.

पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवायला परवानगी लागते का, हे सगळेच विचारतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. वाचता न येणाऱ्या अपंग व्यक्तीच्या वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी असं रूपांतर करता येतं, आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला नफा न घेता, फक्त खर्चापुरते पैसे घेऊन वाटताही येतं. याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत पहिला देश होता.

छापलेली पानं एकावर एक रचून वर डिक्शनरी ठेवू नका, टिंबं दबतात. फाइलमध्ये उभी ठेवा. आणि शहादा-तळोद्याकडच्या कुणाला पाठवायची असतील तर पोस्टात जा. अंधांसाठीच्या साहित्याला ७ किलोपर्यंत टपाल हशील लागत नाही. पाकिटावर तसं स्पष्ट लिहा, आणि तपासायला उघडता येईल असं बांधा. खिडकीवरच्या भाऊंनी वजन करून तिकिटाचे पैसे मागितले, तर आत अंधांसाठीचं साहित्य आहे हे सांगा आणि पाकीट उघडून टिंबांवर त्यांचं बोट फिरवू द्या.